सोळा पानांचा कायदा

आमच्या बंदर कचेरीत त्याला सगळे खळ्या म्हणायचे. तोंडावर मास्तर, पाठ फिरली की खळ्या. पुस्तकं बांधायला लागणारी खळ तो स्वतः शिजवायचा आणि तिचा आंबूस वास त्याच्या कपड्यांना, केसांना, जेवणाच्या डब्यालासुद्धा चिकटलेला असायचा. तो तळमजल्यावर बाइंडिंगच्या खोलीत आणि मी बरोबर त्याच्या डोक्यावर, रेकॉर्ड रूममध्ये. जुन्या कागदांच्या नकला काढून देणं हे माझं काम. एकतीस वर्षं आम्ही अशी वर-खाली काढली. मैत्री होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. सवय होती एवढंच.

माणूस कमालीचा हट्टी. टाका एक सूत इकडचा तिकडे झाला तर अख्खी वही उसवायचा. एकदा मी पानांवर क्रमांक घालून एक रजिस्टर त्याच्याकडे बांधायला पाठवलं. तो ते घेऊन वर आला आणि भर खोलीत, साहेबांसकट सगळ्यांसमोर, मला म्हणाला, "भाऊसाहेब, दोनशे बारानंतर एकदम दोनशे चौदा? मधलं पान काय चहाबरोबर खाल्लंत?" सगळे फिदीफिदी हसले. शिपाई तर पुढे वर्षभर मला चहा देताना विचारायचा, "सोबत पान आणू का?" ही गोष्ट मी आत्ताच सांगून ठेवतो. पुढे तिचा संबंध येणार आहे, आणि तेव्हा सांगितली तर सबब दिल्यासारखी वाटेल.

आणखी एक. खळ्याच्या हातून गेलेली दहातली नऊ पुस्तकं परक्या राजवटीच्या भाषेत होती आणि ती भाषा त्याला अजिबात येत नव्हती. आकडे ओळखायचा, पान उलटं की सुलटं ते ओळखायचा, छपाई कुठल्या काळातली ते कागद बोटांत धरून सांगायचा. मजकूर मात्र त्याच्यासाठी मुंग्यांची रांग. कुणी विचारलं तर म्हणायचा, "शिंपी काय कपड्यातल्या माणसाचं चरित्र वाचतो?"

त्याला जगात एकच माणूस होतं, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा आणि अक्का अकराची. तिनंच त्याला वाढवला, तिनंच एका म्हाताऱ्या बाइंडरच्या हाताखाली नेऊन बसवला. तिचं लग्न एका होडीवाल्याशी झालं. मोठ्या जहाजातून माल होडीत घ्यायचा आणि धक्क्यावर आणून टाकायचा, हा त्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. धक्क्याच्या कडेला त्यांची एकतीस घरं होती. अक्काचं घर शेवटचं. मोडक्या होड्यांच्या फळ्यांची जमीन, पत्र्याचं छप्पर, आणि भिंतीला नवऱ्याच्या होडीचं वल्हं आडवं टांगलेलं, त्यावर कपडे वाळत घालायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती दारात बसून फाटक्या ताडपत्र्या शिवायची. बोटं तिचीही भावासारखीच, सुईनं भोकं पडलेली.

दर सुट्टीला खळ्या तिच्याकडे जेवायला जायचा. त्याचं स्वतःचं घर म्हणजे बाजारामागची एक खोली, तिथं दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं जिन्यात थांबावं. त्याचं खरं घर ते धक्क्यावरचं.

तर त्या एकतीस घरांना आमच्या कचेरीनं नोटीस काढली. जागा बंदराची आहे, रिकामी करा. तिथं मालाचे मोठे डबे ठेवायचे होते. वस्तीनं एक वकीलबाई गाठली. बाई तरुण, चटपटीत, जिभेला हाड नसलेली. तिनं जुन्या कायद्यांची छापील सूची उकरून काढली आणि तिच्यात एक ओळ सापडली. परक्या राजवटीत जहाजं आणि व्यापार यांच्यासाठी केलेला एक कायदा. त्याच्या सहाव्या कलमापुढे लिहिलेलं: होडीवाल्यांना धक्क्यालगत वस्तीचा हक्क.

सूचीत ओळ होती, पण कायदा कुठंच नव्हता. ना कोर्टाच्या ग्रंथालयात, ना सरकारी छापखान्यात, ना आमच्याकडे. आमच्या कचेरीच्या वकिलानं कोर्टात हात वर केले. आम्हाला असा कायदा ठाऊकच नाही म्हणाला.

अक्कानं ही सगळी हकिकत जेवताना भावाला सांगितली. सूचीचं ते पान बाईंनी तिला उतरवून दिलं होतं. खळ्यानं कायद्याचा क्रमांक आणि साल पाहिलं, आणि त्याचा घास हातातच राहिला.

तो नवीन लागला तेव्हाची गोष्ट. त्या काळात पुठ्ठा मिळेनासा झाला होता. मग त्याच्या म्हाताऱ्या उस्तादानं रद्दीत काढलेले जुने कायदे उचलले. छापील ताव एकावर एक खळीनं चिकटवायचे, वजनाखाली दाबून वाळवायचे, की झाला पुठ्ठा. अशा पुठ्ठ्यांत त्यांनी जहाजांच्या आवकीची रजिस्टरं बांधली. आणि कुठल्या रजिस्टरला कुठला ताव गेला हे खळ्याला पाठ होतं. तावावरचे आकडेच तर त्याला वाचता येत होते. आकडा त्याच्या डोक्यात गेला की मरेपर्यंत तिथंच.

दुसऱ्या दिवशी तो वर आला आणि मला म्हणाला, "भाऊसाहेब, आवकीचं सतरावं रजिस्टर काढा. कसर लागलीय त्याला. दुरुस्तीला टाका." कसर खरंच लागली होती. मी दुरुस्तीची चिठ्ठी फाडून दिली.

पुठ्ठा भिजवून थर सोडवणं म्हणजे काय, हे मी त्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. वाफ द्यायची, ओला टिपकागद ठेवायचा, हाडाची पातळ पट्टी कडेनं आत सरकवायची आणि मग श्वाससुद्धा जपून सोडायचा. आठ दिवसांत वरच्या पुठ्ठ्यातून तीन ताव निघाले. प्रत्येक ताव मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात. तीन ते चौदा, अशी बारा पानं. त्यानं ती काचेवर वाळवली आणि मला खाली बोलावलं. अक्का आणि वकीलबाई तिथं आधीच येऊन बसल्या होत्या.

मी सातव्या पानावरचं सहावं कलम मोठ्यानं वाचून त्याचा अर्थ सांगितला. "जहाजावरून माल उतरवणाऱ्या होडीवाल्यास व त्याच्या कुटुंबास धक्क्यालगत घर करून राहण्याचा हक्क असेल."

"परत वाचा," खळ्या म्हणाला. मी परत वाचलं. तो म्हणाला, "आणखी एकदा." अक्कानं पदर डोळ्यांना लावला. मला माझ्याच आवाजाचं कौतुक वाटलं.

वकीलबाई टुणकन उठली. "झालं! एवढी बारा पानं पुरे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर क्रमांक आणि साल छापलंय. आज नोंद करा, उद्या शिक्क्याची नक्कल द्या."

"चार पानं राहिलीत," खळ्या म्हणाला. "पहिलं-दुसरं आणि पंधरा-सोळा. बाहेरचा ताव आहे तो. खालच्या पुठ्ठ्यात असणार."

"नाही मिळाला तरी चालेल."

"तुम्हाला चालेल, बाई. मुखपृष्ठ नसलेला कायदा? मुंडकं नसलेलं मढं कोर्टात नेऊ?"

"धाकट्या," अक्का म्हणाली, "बाई पुरे म्हणतात ना? मग कशाला खाजवून खरूज काढतोस?"

"अक्का, अर्धवट पुस्तक माझ्या हातून कधी बाहेर गेलेलं नाही. आणि तुझ्या घरासाठी जायचं म्हणतेस तर नाहीच नाही."

तारखेला महिना होता. बाईनं घड्याळ पाहिलं, सुस्कारा टाकला आणि जाताना एवढंच म्हणाली, "बरं. पण सापडलं की आधी मला दाखवा. नोंद नंतर."

खालच्या पुठ्ठ्यानं त्याच्या नाकी नऊ आणले. कसर तिथं आरपार गेली होती. तीन आठवडे तो रोज त्या एका तावाशी झुंजत होता. भोकांना पातळ कागदाची ठिगळं लावायचा, आणि ती अशी की बोट फिरवलं तरी कळू नयेत. जेवायचं विसरायचा. अक्का धक्क्यावरून डबा घेऊन यायची आणि दारात उभी राहून त्याला हाका मारायची. एकदा मी तिला म्हटलं, "तुमच्या भावाला वेड लागलंय." ती हसून म्हणाली, "माझ्यासाठी लागलंय ना? लागू दे."

शेवटी ताव निघाला. अजून ओलाच होता, काचेवर तसाच चिकटवून तो वर घेऊन आला. मुखपृष्ठावर शिडाच्या जहाजाचं सुरेख चित्र होतं. ते दाखवताना लहान पोरासारखा त्याचा चेहरा फुलला होता. मग त्यानं काच फिरवून माझ्यापुढे धरली. पलीकडच्या अर्ध्या भागावर सोळावं पान, बारीक टायपात.

"मागं काय आहे, भाऊसाहेब?"

मी वाचलं. मग परत वाचलं. लिहिलं होतं की सहाव्या कलमातला हक्क होडीवाल्यांची गरज असेपर्यंतच. मोठी जहाजं थेट धक्क्याला लागू लागली की सहा महिन्यांत वस्ती उठवावी. कुणाला भरपाई नाही, कुणाची तक्रार ऐकून घ्यायची नाही. मोठी जहाजं थेट धक्क्याला लागायला लागून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. सूचीत यातलं अक्षरही नव्हतं. सूची करणाऱ्यानं परिशिष्टं सोडूनच दिली होती.

आणि मी म्हणालो, "परिशिष्ट आहे. किरकोळ."

का म्हणालो? या प्रश्नाला मी स्वतःला आजवर पुष्कळ उत्तरं दिली आहेत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. खरं सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, आता काय करू? आणि कचेरीचा कागद लपवण्याच्या भानगडीत मी अडकलो असतो. हे खरंच आहे. पण त्याच्या आधी, त्या एका क्षणी, मला ते चहाबरोबर खाल्लेलं पान आठवलं. वाटलं, बांध की पूर्ण पुस्तक, फार हौस आहे ना! एवढंच. इतकी क्षुद्र गोष्ट होती ती. मी तेव्हा एवढंच सांगायला हवं होतं की आधी बाईंना दाखवा. तीनच शब्द होते. ते मी गिळले.

त्यानं ताव वाळवला, चारही ताव एकात एक घातले, पांढऱ्या दोऱ्यानं तीन टाक्यांत शिवले. वर निळं कापड. दुसऱ्या दिवशी तो ते वकीलबाईकडे घेऊन जाणार होता.

पण साहेबांना कुणकुण लागली. मी नाही सांगितलं, ते पाप माझं नाही. शिपायानं सांगितलं, तेही कौतुकानं, की आपल्या मास्तरांनी पुठ्ठ्यातून पुस्तक काढलं. इतक्या वर्षांत साहेब लोक बाइंडिंगच्या खोलीत कधी उतरले नव्हते. त्या दिवशी साहेब उतरले. खळीच्या वासानं नाक न मुरडता खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मास्तर, दाखवा तरी."

मी मागे उभा होतो. खळ्यानं हात पुसले. क्षणभर घुटमळला. बाईंचं बोलणं त्याला आठवलं असणार. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी वरून खाली त्याचं काम बघायला आलं होतं. त्यानं ते निळं पुस्तक दोन्ही हातांनी साहेबांपुढे ठेवलं.

साहेबांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. सातव्या पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. सोळाव्या पानावर ते थांबले. बोट ठेवून ओळ न्‌ ओळ वाचली. मग मान वर करून हसले, इतके मनापासून हसले की मी दुसरीकडे पाहिलं.

"कमाल केलीत, मास्तर. एकही पान गहाळ नाही?"

"एकही नाही, साहेब. मोजून घ्या."

"यांच्यासाठी चहा सांगा," साहेब शिपायाला म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "पूर्ण सोळा पानांची नक्कल. शिक्क्यासकट. आपल्या वकिलांना आजच द्या."

खळ्या तो चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. साहेबांचं हसू त्याच्या शिलाईसाठी होतं असंच त्याला वाटत होतं. पुस्तक साहेबांनी कचेरीतच ठेवून घेतलं, बाईंकडे ते गेलंच नाही. मी वर जाऊन नक्कल काढायला बसलो. इतकी स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेली नक्कल मी नोकरीत दुसरी काढली नसेल. पानांचे क्रमांक दोनदा तपासले.

कोर्टात सगळं पाऊण तासात आटोपलं. वकीलबाई सहाव्या कलमावर तावातावानं बोलली. आमच्या वकिलानं उठून शेवटचं पान वाचलं आणि खाली बसला. बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

बाहेर व्हरांड्यात तिनं खळ्याला गाठलं. "मला आधी दाखवा म्हटलं होतं ना?"

"साहेब स्वतः आले हो..."

"त्यांच्याकडे कायदा नव्हता! सूचीतली ती ओळ आणि इतक्या वर्षांचा राबता, एवढ्यावर आपण जिंकत होतो. बारा पानांत तर हमखास जिंकत होतो. तुम्ही त्यांना शेवटचं पान नेऊन दिलंत."

खळ्यानं हळूच विचारलं, "ते पान खोटं आहे का, बाई?"

"खोटं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि निघून गेली.

अक्का खांबाला टेकून बसली होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. खळ्यानंच तिच्याजवळ बसून तिला सांगितलं. त्यानं काय शब्द वापरले ते मला ऐकू आलं नाही. तिनं त्याच्या तोंडावर मारलं हे मात्र सगळ्या व्हरांड्यानं पाहिलं. पन्नास-साठ वर्षांच्या माणसाला, भर कोर्टात. त्यानं गाल पुढेच धरला होता.

पंधरा दिवसांची मुदत मिळाली. वस्तीच्या लोकांनी पत्रे हाती लागावेत म्हणून आपापली घरं आपणच उतरवली. अक्काच्या मदतीला कुणी आलं नाही. तिचा शेजार तिच्याशी बोलेना. एका म्हातारीनं तिच्या उंबऱ्यावर थुंकून म्हटलं, "भावाला अजून एखादं पान शोधायला सांग, आमचं मसण कुठं आहे ते तरी लिहिलेलं असेल." खळ्यानं एकट्यानं फळ्या उखडल्या. वल्हं त्याच्या खोलीत मावेना, जिन्यातही मावेना. ते त्यानं तिथंच सोडलं, आणि बुलडोझर आला तेव्हा ते आडवं पडलेलं होतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी त्याला प्रशस्तिपत्र दिलं. कचेरीच्या दर्शनी भागात काचेच्या पेटीत तो कायदा मांडला. मुखपृष्ठ उघडं, शिडाचं जहाज वर, आणि खाली पाटी: दुर्मीळ छापील कायदा, एकमेव ज्ञात प्रत. खळ्या रोज सकाळी त्या पेटीसमोरूनच कामावर यायचा. तळमजल्याला दुसरं दार नव्हतं.

अक्का त्याच्या खोलीत आली. मधोमध दोरी बांधून पडदा टाकला, अलीकडे ती, पलीकडे तो. ती त्याला घालूनपाडून बोलायची, पण बोलायची. कुणी आलं की ओळख करून द्यायची, "या. हा माझा भाऊ. अर्धवट काम करत नाही." तो मान खाली घालून हसायचा. माझ्या मते त्या बोलण्यावरच तो तगून होता. ती शिव्या देते आहे तोवर ती आपली आहे, असं त्याला वाटत असणार.

निवृत्त झाल्यावर मी एकदा त्यांच्याकडे गेलो. का गेलो ठाऊक नाही. बहुधा बघायला गेलो की मला तिथं बसवतं का. बसवलं. अक्कानं चहा दिला. खळ्या खूप खंगला होता, हात कापायला लागले होते. सुई ओवता येत नाही म्हणाला. थोडं इकडचं-तिकडचं झाल्यावर त्यानं अचानक विचारलं, "भाऊसाहेब, एक विचारू? त्या दिवशी मी काच तुमच्यापुढे धरली होती. तेव्हा नीट वाचलं असतं तर कळलं असतं का हो आपल्याला?"

त्यानं 'तुम्हाला' म्हटलं नाही, 'आपल्याला' म्हटलं. मी कपाकडे बघत म्हणालो, "कसं कळणार? ओला कागद, बारीक टाईप, जुनी कायद्याची भाषा. मला काही लागलंच नाही."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. "म्हणजे चूक माझीच. तुमचा काही दोष नाही."

पडद्यापलीकडून अक्का आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला कुठलीच भाषा वाचता येत नव्हती. "सहावं कलम तुम्ही घडाघडा वाचलंत," ती म्हणाली. "तीनदा वाचलंत. तोच कागद, तोच छाप, तीच भाषा. मग शेवटचंच पान कसं लागलं नाही?"

मी काही बोलायच्या आत खळ्या उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. "अक्का, तोंड आवर! एकतीस वर्षं ओळखतो मी त्यांना. माझ्या पापाचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडू नकोस. माफी माग त्यांची."

अक्कानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चहाचा एक घोट घेतला. तिनं माझ्या हातातून कप काढून घेतला आणि पडद्यामागे गेली.

खळ्या मला जिन्यापर्यंत सोडायला आला. दोनदा म्हणाला, "मनावर घेऊ नका, ती हल्ली भ्रमिष्टासारखं बोलते." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "चालायचंच."

पुढे शिपाई एकदा बाजारात भेटला, त्यानं सांगितलं. त्या दिवसापासून अक्का भावाशी एक अक्षर बोललेली नाही. स्वयंपाक करते, ताट पडद्याखालून सरकवते. तो पलीकडून विचारतो, अक्का, जेवलीस का? आणि उत्तराची वाट बघत बसतो.